रेघेच्या वरचे घर

मु. सावरपाडा, पोस्ट खर्डी, ता. शहापूर
ता. ६ नोव्हेंबर १९३८, रविवार, सकाळी सव्वानऊ

ती. अनंतामामांस लडकूचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र लिहायला बसेपर्यंत मी आमच्या ओटीच्या भिंतीवरची तुमची रेघ पुसत होतो. आधी ओल्या फडक्याने पुसली, मग नारळाच्या शेंडीने घासली, शेवटी वरून शेणाने सारवले. शेण वाळले आणि रेघ पुन्हा वर आली. गेरूत काय मिसळले होते ते कळवावे.

दसऱ्यानंतर तुम्ही रबरी नळीत पाणी भरून पातळी मोजायची पाणसळ घेऊन आलात, चार दिवस खोरे फिरलात, आणि सात घरांवर, गावदेवीच्या पाषाणावर व चिंचेवर एका पातळीत रेघ ओढून मुरबाडला परत गेलात. मुंबईवाले एक दिवस खालच्या खिंडीत धरण बांधतील आणि पाणी या रेघेपर्यंत चढेल, असे तुम्ही सांगितलेत. मला ते कळले. गावाला वेगळेच कळले. म्हातारी धोंडीबाई नवी सून होती तेव्हा प्लेगात साहेबाच्या माणसांनी तिच्या दारावर लाल खूण केली होती आणि घर रिकामे करून कौले उतरवली होती. तुमची रेघ पाहून तिने अंथरूण गुंडाळले. "परत आलं गो ते," एवढेच म्हणाली आणि शेतातल्या खोपीत जाऊन राहिली. तिच्यामागून दोन घरे गेली. भात कापायचे सोडून माणसे खोपी शाकारत आहेत, म्हणून आईने मला रेघ पुसायला बसवले.

माझी अडचण निराळी आहे. वैशाखात माझे लग्न आहे. मुलगी आटगावच्या बाजूची, नाव लहानी. बाबांनी ओहळाकाठी नव्या घराचा पाया खणला आहे. ती जागा रेघेच्या खाली येते. टेकडीवर आमची वरकस जमीन आहे, ती रेघेच्या वर आहे. मी वर बांधू म्हटले तर बाबा म्हणाले, "देवी खाली, आन् आमी तिच्या डोक्यावर जाऊन बसू? वर पानी काय तुझा मामा भरनार?"

आमच्याकडे लाकूड एकच घर होईल एवढे आहे. चुकलो तर दुसऱ्यांदा बांधता यायचे नाही. मामा, रेघ खरी आहे का? तुम्ही सांगाल तसे करीन.

माझे शिक्षण मराठी पाचवीपर्यंतच झाले. चुका असल्यास क्षमा करावी.

आपला, लडकू भिमा वेखंडे

---

मुरबाड
ता. २० नोव्हेंबर १९३८

चि. लडकूस अनेक आशीर्वाद.

गेरूत जवसाचं तेल आहे. निघणार नाही. निघावी म्हणून कोणी रेघ ओढत नाही.

धोंडीबाईला माझा दंडवत सांग, आणि सांग की हा प्लेग नव्हे, हा नळ आहे. मी बारा वर्षं मुंबईत गिरणीच्या वर्कशॉपात काढली. तिथे पहाटे एका नळावर चाळीस बायका कशा भांडतात ते पाहिलंय. ते शहर आधी तानसा तलाव प्यायलं. त्याची तहान दर दहा वर्षांनी किती वाढते ते मी मांडून ठेवलं आहे. वीस वर्षं लागतील, चाळीस लागतील, पण ते तुमच्या खोऱ्यापर्यंत येईल. जिथे दोन डोंगर जवळ येतात तिथेच भिंत घालतात. मी असतो तर मीही तिथेच घातली असती.

लोक मला येडा अनंता म्हणतात. ओहळाच्या पाण्यावर आपोआप पडणारं मुसळ केलं तेव्हाही म्हणाले. आता तुझी बाईजामामी त्याच मुसळाखाली भात टाकते आणि पाय पसरून उन्हाला बसते. डुकरं हाकायला शेतातून घरापर्यंत तारेची घंटा केली. डुकरं पळाली, मग घंटाही कोणी पळवली. तरी मी पुढचं वहीत लिहून ठेवतोच. तुझ्या नातवाच्या वेळी खर्डीच्या घराघरांत तेलावाचून दिवा असेल. मुरबाडची बाई शहापूरला दिलेल्या लेकीशी घरात बसून बोलेल, मध्ये तारसुद्धा नसेल. हे वाचून तू हसणार नाहीस, म्हणून तर तुला लिहितो. बाकी सगळे हसतात.

वर बांध. जोतं माझ्या रेघेपासून दोन हात उंच घे. माझी पाणसळ केसाइतकीही चुकत नाही. तुझं घर मी बुडू देणार नाही.

तुझा, अनंतामामा

---

मु. सावरपाडा
ता. २८ मे १९३९, रविवार, दुपारी दोन

ती. अनंतामामांस सा. न.

घर बांधले. जोते रेघेपासून बरोबर दोन हात वर घेतले, दोरी लावून तीनदा मोजले. या महिन्याच्या १५ तारखेस मी आणि लहानी राहायला आलो. बाबा आले नाहीत, ते आईसह जुन्या घरीच आहेत. खालचा खणलेला पाया तसाच आहे. बाबा त्याच्या कडेला बसून विडी ओढतात आणि माझ्याशी बोलत नाहीत.

गावात मला साहेब म्हणू लागले आहेत. खालच्या घरचा विठू रोज ओहळावरून ओरडून विचारतो, "साहेब, बोट किती वाजता सुटतेय रे?"

ओहळापासून दारापर्यंत चारशे बारा पावले आहेत. त्यांपैकी शेवटची नव्वद उभ्या चढणीची. लहानी सकाळी दोन व संध्याकाळी दोन हंडे आणते. आजही दुपारची पाण्याला गेली आहे, पाहुणे येणार आहेत म्हणून. काल ती हंडा उतरवून म्हणाली, "तुमच्या मामाला लिवा, रेघ वडली तशी पान्याला वर यायची वाटपन वडा." ती थट्टेने म्हणाली. पण मग चुलीकडे न जाता उंबऱ्यावरच बसली.

तसे यंत्र होऊ शकते का?

आपला, लडकू

---

मुंबई
दिवाळी, १९४०

चि. लडकूस आशीर्वाद.

मी इकडे मजेत आहे. मुसळाची माझ्या नावावर नोंदणी व्हायची आहे. कचेरीतले लोक चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. बघू देत.

गेल्या दिवाळीच्या पत्रात मी धीर धर म्हटलं होतं. आता यंत्र घे. आकृती सोबत आहे. वाहतं पाणी एकदम अडवलं की ते धक्का देतं. त्या धक्क्यानेच थोडं पाणी नळातून वर चढतं. बैल नको, कोळसा नको. खाली झडप, तिच्यावर हवेचा डबा, तिथून दीड इंची लोखंडी नळ थेट तुझ्या दारात. कल्याणच्या बाजारात नळ अडीच आणे फूट मिळेल, जास्त देऊ नकोस.

तुझे बाबा अजून बोलत नसतील. बोलतील. तुला अजून झोप लागत नसेल. मी सांगितलेलं खरं असेल ना, असं रोज एकदा मनात येत असेल. खरं आहे. पाणसळ खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. एक वेळ जेवण सोड, पण वरचं घर सोडू नकोस.

तुझा, अनंतामामा

---

मु. सावरपाडा
ता. ९ फेब्रुवारी १९४२, सोमवार, सकाळी आठ

ती. अनंतामामांस सा. न.

तुमची तीन दिवाळ्यांची तीन पत्रे समोर मांडून लिहीत आहे. मी उत्तर दरवेळी मुरबाडलाच पाठवतो, कारण तुमच्या पाकिटांवर शिक्का मुरबाडचा असतो. मामी पुढे धाडत असतील असे धरून चालतो.

यंत्र झाले नाही. कल्याणला दोनदा गेलो. लढाईमुळे लोखंडी नळ कोणत्याच भावाने मिळत नाही. दुकानदार हसला आणि म्हणाला, अडीच आणे कुठल्या सालचा भाव सांगतोस. मग बांबूचे नळ जोडून पाहिले. धक्का बसला की सांध्यांतून फवारे उडत. विठू म्हणाला, "लडक्या, तुझं यंत्र शिंकतंय रे, त्याला काढा पाज." सारा पाडा हसला. लहानीही हसली, मग हंडा उचलून गेली.

मामा, एक गोष्ट लिहू का, राग मानू नका. तुम्ही पुढच्या पन्नास वर्षांचे लिहिता, पण चालू लढाईविषयी तिन्ही पत्रांत एक शब्द नाही. मुंबईत राहून तुम्हाला नळाचा भाव ठाऊक नाही. कागदही तिन्हींचा एकाच वहीतला आहे, फाटलेली कड कडेला जुळते. शाई एकच. आणि मी बाबांच्या दुखण्याविषयी दोनदा विचारले, त्याचे उत्तर आले नाही. मात्र मला झोप लागत नाही हे मी न लिहिता तुम्हाला कळते.

पत्र उघडले की कोणीतरी माझ्या पाठीशी उभे राहून बोलते आहे असे वाटते. ते माझे बोलणे ऐकत नाही. भिंतीवरची रेघ दर पावसाळ्यात जशी वर येते, तशी पत्रे येतात.

लहानीला दिवस गेले होते, ते राहिले नाहीत. वैद्य म्हणाला ओझे नको. मी हंडे आणू लागलो तर तिने घेऊ दिले नाहीत. म्हणाली, बाप्यानं डोईवर हंडा घेतला तर पाडा आपल्याला जगू देनार नाय.

रेघ खरी आहे ना, एवढे एका ओळीत लिहावे. ते पत्र नव्या कागदावर लिहावे.

आपला, लडकू

---

मुंबई
दिवाळी, १९४३

चि. लडकूस आशीर्वाद.

आता तुला माझी गरज उरलेली नसेल. बाबा वर येऊन राहिले असतील. विठूचं घर खाली असल्यामुळे तोच आता तुझ्याकडे जागा मागत असेल.

पोर चालायला लागलं असेल. त्याला चढणीवर एकटं सोडू नकोस, माझी नव्वद पावलं जरा अवघड आहेत, मला ठाऊक आहे. मुलगा असेल तर शाळेत घाल. मुलगी असेल तरी घाल, तिच्या वेळी सगळ्या मुली जातील. लहानीला सांग, मामा म्हणतो, घराची लक्ष्मी रेघेच्या वरच राहते.

तुझा, अनंतामामा

---

मु. सावरपाडा
ता. २ नोव्हेंबर १९४३, मंगळवार, सकाळी साडेसहा

अनंतामामांस,

२० सप्टेंबरला सकाळी लहानी दोन हंड्यांसह शेवटच्या चढणीवर घसरली. तिला सातवा महिना होता. मूल गेले. मुलगा होता. ती वाचली, पण कमरेतून सरळ उभी राहू शकत नाही.

बाबा गेल्या वर्षीच वारले, न बोलता. मी ते तेव्हाच कळवले होते.

तुमचे पत्र दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आले. मी ते नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचू लागलो. "पोर चालायला लागलं असेल" इथपर्यंत वाचले आणि थांबलो. लहानी अंथरुणावरून म्हणाली, "वाचा की. का थांबलाव?" मी पुढचे वाचले. तिने भिंतीकडे तोंड केले.

पाणी मी आणतो. पाड्याला काय म्हणायचे ते म्हणो.

तुम्ही माणूस असाल तर उत्तर द्या. नसाल तर लिहिणे बंद करा.

लडकू

---

पोस्टकार्ड. सावरपाडा, ता. १४ जानेवारी १९४६, सोमवार

सौ. बाईजामामींस सा. न. दोन दिवाळ्या झाल्या, मामांचे पत्र नाही. मी बंद करा लिहिले आणि ते बंद झाले, पण त्याने जिवाला स्वस्थता नाही. घराच्या मागची भिंत पावसात ढासळली आहे. ती बांधायची की घरच खाली न्यायचे, हे ठरवले पाहिजे. लहानीला पाण्याजवळ जायचे आहे. रेघ खरी असेल तर मी नेणार नाही. होळीच्या आधी मी मुरबाडला येऊन मामांसमोर उभा राहणार आहे. लडकू

---

मुरबाड
ता. २२ फेब्रुवारी १९४६

चि. लडकूस आशीर्वाद. मी बाईजा सांगत्ये आन् आमच्या शेजारी नवीन ऱ्हायला आलेल्या मास्तरांच्या रंभाबाई लिहितायत. मला लिवता-वाचता येत नाय हे तुला ठावं नसंल. तू येऊ नको. ज्याच्यासमोर हुभं ऱ्हायचंय तो नाय.

तुझा मामा एकोणचाळीसच्या आखाडात मुंबईला गेला तो दवाखान्यासाठी गेला. गिरणीतला कापूस त्याच्या छातीत बसला होता. जायच्या आधी आठ दिवस वहीतले कागद फाडून लिवत बसला. मला म्हणाला, पोरगं भितरं हाय, त्याला माझा आधार ऱ्हायला पायजे. तो काय काय इचारील ते मला आत्ताच ठावं हाय. मग त्यानं दोरी केली. आपल्याकडं लग्नाला बोलावताना गाठींची दोरी धाडतात ना, जितके दिस तितक्या गाठी, रोज एक सोडायची आन् दोरी सरली की लग्नाला जायाचं, तशी. पाच गाठी, दर गाठीला एक पाकीट. म्हणाला, दर दिवाळीला एक गाठ सोड, तिकीट लाव, डब्यात टाक. गाठी हायत तवर मी हाय.

कार्तिकात आमच्या पाड्यावरचा मंगळू मुंबईवरनं आला. तो त्याच दवाखान्यात झाडलोट करायचा. म्हणाला, अनंता गेला. आन् त्यानं एक चिठ्ठी दिली. मी इचारलं, काय सांगून गेला. मंगळू म्हणाला, लडकूला धाड म्हणाला. लवकर धाड म्हणाला का नाय ते त्याला नीट आठवंना, तो रडत होता. मी काय केलं, आणखी एक गाठ मारली आन् ती चिठ्ठी दोरीच्या टोकाला बांधली. त्यानं शेवटी लिवलेली, म्हणून शेवटी. दोरीत मधी घुसायचं नसतं.

मंगळूला मी देवीची शपथ घातली. कुनाला सांगितलं नाय. कुंकू पुसलं नाय, बांगड्या फोडल्या नाय. गावाला तो मुंबईत होता, मला दोरीत होता. तुझी पत्रं यायची ती मी तांदळाच्या कणगीत ठेवायची, त्याला वाचायची म्हणून. कुनी वाचली नाय.

मग एकच गाठ उरली. गेल्या साली नाय तर त्याच्या आधल्या साली ती सोडायची होती. माझ्यानं सुटंना. ती सोडली की मी रांडाव. दोन दिवाळ्या मी दोरी हातात घेऊन बसल्ये आन् पुन्ना कणगीत ठेवली.

तुझं कारड आलं ते मी रंभाबाईंना वाचाय दिलं, कारण त्याच्यावर माझं नाव हाय असं पोस्टवाला बोलला. मग मी कणगीतली सगळी काढली. त्यांनी वाचली. लहानीचं आलं तिथं त्या थांबल्या, म्हणाल्या, वाचू का? मी म्हटलं, वाचा की.

आज न्हाऊन गाठ सोडली. चिठ्ठी सोबत हाय. रंभाबाईंनी ती मला वाचून दावली नाय, म्हणाल्या, आधी त्याच्याकडं जाऊ द्या.

---

(पेन्सिलीने, एका औषधाच्या पुडीच्या कागदावर)

लडकू, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नळीतून पाणी देतात. आज त्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला आणि एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूएवढं चढेना. मी दिवसभर तेच बघत होतो. माझ्या नळीतही बुडबुडा होता. उन्हात रबर तापलं की व्हायचा. एका टप्प्याला चार बोटं चूक, पुढच्याला आणखी चार. खिंडीपासून तुमच्यापर्यंत येईतो बारा हात तरी झाले असतील. रेघ बारा हात खाली पडली आहे. तुझी टेकडीवरची जागाही पाण्यात जाणार. वर राहून काही वाचत नाही. खाली उतर. पाणी येईल तेव्हा येईल, तोवर पाण्याजवळ राहा. बाईजाकडे दिलेली पत्रं आली तर वाचू नकोस, ती खोट्या पाणसळीवर लिहिली आहेत. हे आधी वाच.

अनंता

---

मु. सावरपाडा
ता. ४ एप्रिल १९४६, गुरुवार, सकाळी साडेसात

ती. बाईजामामींस लडकूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहावे याचा मी बराच वेळ विचार केला. शेवटी नुसते नाव लिहिले.

मी मुरबाडला आलो नाही याचे कारण रागच होता, ते लपवत नाही. तुमचे पत्र लहानीला वाचून दाखवले. तिने ते घडी घालून उशाशी ठेवले. मग म्हणाली, "मी असती तर मीपन सोडली नसती." त्यानंतर माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मामांवर ठेवावा तर त्यांनी कळल्या दिवशीच लिहिले होते.

होळी झाल्यावर घर उतरवले. विठूने न बोलावता दोन दिवस कौले वाहिली. बोटीचे नाव काढले नाही. धोंडीबाई काठी टेकत आली आणि कौले मोजत बसली, म्हणाली, "आता कुनी खूण केली नाय ना रे?" मी नाही म्हटले. बाबांनी खणलेल्या पायात तेरड्याच्या वाळक्या काड्या होत्या, त्या उपटल्या आणि त्याच पायावर जोते घातले. काल पाडव्याला आत आलो. वरचे जोते तसेच ठेवले आहे. मामांच्या हिशेबाने तेही बुडायचे आहे.

जुन्या घराच्या भिंतीवर रेघ अजून आहे. आईने तिच्यावर आता खुंट्या ठोकून सूप नि चाळणी टांगली आहे.

दर दिवाळीला मी तुम्हाला एक पत्र लिहीन. रंभाबाईंकडून वाचून घ्यावे. त्याला गाठ नको.

हिशेब असा आहे.

टेकडीवरचे घर, १९३९, लाकूड घरचे सोडून: रु. १४२-६-०
यंत्राचे सामान व कल्याणच्या दोन खेपा: रु. ११-४-०
घर उतरवून खाली बांधणे: रु. ३८-१०-०
एकूण खर्च: रु. १९२-४-०

देणे, बाईजामामींचे, सहा पाकिटांची तिकिटे, पाकिटांवरून पाहून: सात आणे नऊ पै. मनिऑर्डर केली आहे.

देणे, लहानीचे. १५ मे १९३९ पासून १९ सप्टेंबर १९४३ पर्यंत, माहेरी गेली ते ४१ दिवस वजा, रोजचे चार: हंडे ६,१९२.
पैकी मी फेडलेले, २० सप्टेंबर १९४३ पासून घर उतरवेपर्यंत, दिवस ९१२: हंडे ३,६४८.
बाकी हंडे २,५४४.

आता ओहळ दारापासून अकरा पावलांवर आहे. हंडा ती स्वतःच ओढत आणते, मला देत नाही. त्यामुळे ही बाकी फिटण्यासारखी राहिलेली नाही.

आपला, लडकू भिमा वेखंडे